आधी भिंत मोजा, मग स्पीकर निवडा

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात जुनं घर. गाणं ऐकायला १० बाय १२ फुटांची खोली मोकळी केली आहे. भिंती चिऱ्याच्या, खाली शहाबादी फरशी, १० फुटांवर लाकडी तक्तपोशी आणि वर कौलं. वडिलांच्या एलपी आणि टर्नटेबल आहे, बाकी गाणं फोनवरून. ऐकणं मुख्यतः कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई, जुनी नाट्यगीतं आणि थोडी भजनं. खर्चाची मर्यादा साठ हजार. विचारलंय असं की ५ इंची स्पीकर घ्यावा की साडेसहा इंची, सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) लागेल का, भिंतीतल्या फडताळात स्पीकर ठेवले तर चालतील का, आणि कंपनी कोणती.

कंपनीचं शेवटी सांगतो. तुमच्याकडे स्पीकर भिंतीपासून किती अंतरावर बसणार आहे, यावर निम्म्याहून जास्त निवड ठरते, आणि ते अंतर तुम्ही लिहिलेलं नाही. दुकानात, मोठ्या हॉलमध्ये, चारी बाजूंनी मोकळा ठेवलेला स्पीकर ऐकून लोक हरखतात आणि तोच घरी आणून भिंतीला चिकटवतात. मग आवाज घुमतो आणि दोष स्पीकरला दिला जातो.

फडताळात स्पीकर नको. तीन बाजूंनी दगड आणि समोर उघडं तोंड, म्हणजे खर्जाचा सगळा भाग फुगून येतो, शब्द अस्पष्ट होतात आणि पाठीमागे (खर्ज वाढवण्यासाठी ठेवलेलं) भोक असलेला स्पीकर असेल तर त्याला श्वासच घेता येत नाही. पण ते फडताळ टर्नटेबलसाठी मात्र फार उत्तम आहे. चिऱ्याची जाड भिंत हलत नाही, त्यामुळे स्पीकरचा हादरा सुईपर्यंत पोचत नाही. लाकडी टेबलावर स्पीकर आणि टर्नटेबल शेजारी ठेवणाऱ्यांकडे आवाज वाढवला की जो हूंऽऽ असा घुमारा सुरू होतो, तो तुमच्याकडे होणार नाही. ते फडताळ वडिलांच्या टर्नटेबलला देऊन टाका.

आता भिंतीचं गणित. वूफरमधून, म्हणजे स्पीकरच्या मोठ्या कोनातून, निघणारा खालचा आवाज फक्त पुढे जात नाही, तो चारी दिशांना पसरतो. मागे गेलेला भाग भिंतीवर आपटून परत येतो. स्पीकरच्या तोंडापासून मागच्या भिंतीचं अंतर ज्या लहरीच्या एक चतुर्थांश भरतं, त्या लहरीची परत आलेली प्रत पुढच्या आवाजाच्या नेमकी उलट पडते आणि दोघं एकमेकांना मारतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला अंतराच्या चौपटीने भागलं की आवाजात खड्डा कुठे पडतो ते कळतं. अंतर ६० सेंटिमीटर असेल तर ३४३ भागिले २.४, म्हणजे १४३ हर्ट्झ (सेकंदाला १४३ कंपनं). काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा नेमका षड्जच तुमच्या खोलीत पातळ झाला. स्पीकर दोन लाखांचा असला तरी हे होणारच.

यावर दोन उपाय. एक तर स्पीकर भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे आणायचा. १२ फुटांच्या खोलीत ते शक्य नाही. दुसरा, उलट, भिंतीजवळ न्यायचा. तोंड भिंतीपासून ३५ सेंटिमीटरवर आलं तर खड्डा २४५ हर्ट्झच्या आसपास सरकतो. तिथे तो बुजवता येतो, कारण स्पीकरच्या मागच्या भिंतीवर १० सेंटिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) लावलं तर त्या पट्ट्यातला बराच आवाज ते शोषून घेतं. १४३ हर्ट्झला तेवढ्या जाडीचा फारसा उपयोग नसतो. म्हणून तुमच्यासारख्या खोलीत माझा सल्ला कायम असाच असतो: स्पीकर भिंतीजवळ, मध्ये फार तर १०-१५ सेंटिमीटरची फट, आणि मागे जाड शोषक.

हे ठरलं की स्पीकरची निवड आपोआप अरुंद होते. भिंतीजवळ खर्ज वाढतो. त्यामुळे मुळातच खालचा आवाज भरून देणारा, पाठीमागे मोठं भोक असलेला साडेसहा इंची स्पीकर तुम्हाला नको. तुम्हाला हवा बंद खोक्याचा, किंवा पुढच्या बाजूला भोक असलेला, किंवा खर्ज कमी करायचं बटण असलेला, ५ ते सव्वापाच इंची वूफरचा. पाठीमागे भोक असलेलाच आवडला तर त्या भोकात फोमचं बूच बसवता येतं. काही कंपन्या ते सोबत देतात. बूच लावल्यावर खर्ज थोडा आधी उतरायला लागतो, पण हळूहळू उतरतो. भोकाचा स्पीकर त्याच्या मर्यादेखाली एका सप्तकात सुमारे २४ डेसिबलने कोसळतो, बंद खोका १२ डेसिबलने. लहान खोलीत बंद खोक्याचा हा उतार खोलीच्या स्वतःच्या फुगवट्याशी छान जुळतो.

५ इंची वूफर म्हणजे खर्ज कमी, अशी भीती वाटते, म्हणून तंबोऱ्याचंच उदाहरण घेऊ. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा १३९ वर आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झवर. चांगला ५ इंची स्पीकर ६० च्या आसपासपर्यंत नीट उतरतो, आणि भिंतीजवळ ठेवल्यावर आणखी थोडा खाली जातो. म्हणजे खर्जाची तार पूर्ण मिळाली. शिवाय त्या तारेतून फक्त ६९ निघत नाही. १३९, २०८, २७७, ३४७ असे तिचे स्वरांश वर चढत जातात. मूळ ६९ अगदी दुबळा असला तरी या वरच्या अंशांवरून आपला कान खर्ज उभा करतो. आणि पाचवा अंश, ३४७ हर्ट्झचा, तोच स्वयंभू गंधार. नीट लागलेल्या तंबोऱ्यातून तो न छेडता ऐकू येतो. कुमारांच्या ध्वनिमुद्रणात पहिलं मिनिट नुसता तंबोरा ऐका. गंधार स्पष्ट उमटत असेल तर स्पीकरचा मधला पट्टा स्वच्छ आहे. कॅटलॉगमधल्या कुठल्याही आलेखापेक्षा मी या परीक्षेवर जास्त विसंबतो. कुमारांचा जन्म तुमच्या जिल्ह्यातल्याच सुळेभावीचा, १९२४ चा, आणि तंबोरा लावण्याबद्दलचा त्यांचा आग्रह गाणं ऐकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं गाणं ऐकायला स्पीकर घेताना सुरुवात तिथूनच करणं योग्य.

डग्ग्याचा घुमारा साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या घरात असतो. त्यामुळे तुमच्या संगीताला सबवूफर नको. १० बाय १२ च्या दगडी खोलीत तो आणलात तर फायद्यापेक्षा त्रास जास्त. खोलीची लांबी ३.६६ मीटर, म्हणून तिची पहिली स्वतःची घुमण्याची जागा ४७ हर्ट्झ. रुंदी ३.०५ मीटर, म्हणून दुसरी ५६. उंचीही १० फूट, म्हणजे तीही ५६. दोन मापं सारखी आली की त्या एका जागी दुप्पट घुमतं. सबवूफर नेमकं तिथेच खाद्य पुरवतो.

सुदैवाने तुमच्याकडे वर स्लॅब नाही, लाकडी तक्तपोशी आहे. पातळ फळ्या आणि वरची पोकळी मिळून खालच्या लहरी बऱ्यापैकी गिळतात, त्यामुळे उंचीचा घुमारा काँक्रीटच्या खोलीइतका छळणार नाही. बेळगावात टिळकवाडी-हिंदवाडीतल्या नव्या फ्लॅटमध्ये चारी बाजूंनी सिमेंट, वरखाली स्लॅब आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल. तिथे खोली ताळ्यावर आणायला याहून कितीतरी जास्त मेहनत पडते. कोणी तुम्हाला तक्तपोशी काढून पीओपी करा म्हणालं तर करू नका.

पण चिरा आणि शहाबादी फरशी वरचा आणि मधला आवाज फारसा शोषत नाहीत. रिकाम्या खोलीत एकदा टाळी वाजवा. जी झणझण मागे राहते ती तानेतल्या प्रत्येक स्वराच्या डोक्यावर बसणार आहे. गणिताने बघितलं तर तुमच्या खोलीचं घनफळ ३४ घनमीटर. गाण्यासाठी आवाज विरायला साधारण ०.३ ते ०.४ सेकंद लागावेत, आणि रिकाम्या दगडी खोलीत त्याहून कितीतरी जास्त लागतात. साठ हजारांतले पाच-सहा हजार यासाठी बाजूला काढा, ते सगळ्यात जास्त फळ देतील. स्पीकर आणि बैठक यांच्या मधल्या फरशीवर जाड घोंगडं, खाली एक सतरंजी. स्पीकरच्या मागे रॉकवूलच्या दोन चौकटी, सुताराकडून करून घेतलेल्या, वर सुती कापड. रॉकवूलचे तंतू हवेत उडू नयेत म्हणून कापडाच्या आत एक पातळ अस्तर घाला. दोन्ही बाजूच्या भिंतींवर, भिंतीला आरसा धरल्यावर बैठकीवरून त्यात स्पीकर दिसेल त्या जागी, एकेक चौकट. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, पुस्तकं पुढेमागे ठेवून, म्हणजे आवाज विस्कटेल. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. ते शोषतात फार थोडं आणि झुरळं मात्र येतात.

मांडणी अशी करा. स्पीकर १० फुटांच्या आखूड भिंतीकडे, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेने जाईल. दोघांमध्ये साडेपाच ते सहा फूट. कान स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून साधारण साडेसात फुटांवर, म्हणजे स्पीकरपासून सहा-सव्वासहा फुटांवर. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, तिथे ४७ हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तोच फुगतो. आणखी एक जपा: वूफरपासून मागची भिंत, बाजूची भिंत आणि फरशी ही तीन अंतरं सारखी येऊ देऊ नका. ३५, ६५ आणि फरशीपासूनची वेगळीच काहीतरी, अशी असली की खड्डे एकावर एक पडत नाहीत.

स्टँडच्या उंचीबद्दल सांगायलाच हवं, कारण इथे बाजारातला तयार माल फसवतो. मिळणारे स्टँड बहुधा ६० सेंटिमीटरचे असतात, सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानासाठी. तुम्ही आणि वडील गादीवर लोडाला टेकून ऐकणार असाल तर कान जमिनीपासून ७०-७५ सेंटिमीटरवर येतो. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर देणारा स्पीकरचा छोटा भाग, तिथे यायला हवा. साधारण ३० सेंटिमीटर उंचीच्या स्पीकरला ५० सेंटिमीटरचा स्टँड बरोबर होतो. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचा करून घ्या, पाइपमध्ये कोरडी वाळू भरा, वरच्या पट्टीवर रबराच्या चार टिकल्या. वडिलांना खाली बसणं जमत नसेल आणि खुर्ची लागणार असेल तर आधी ते ठरवा, मग उंची.

अँपला किती वॉट लागतील, यावर लोक उगाच खर्च करतात. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॉटवर एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. तुमच्या बैठकीवर, अंतरामुळे कमी आणि दोन स्पीकर व खोलीमुळे थोडं जास्त धरून, एकेका वॉटवर जवळपास तेवढाच आवाज मिळेल. घरात मन लावून गाणं ऐकायची पातळी ७०-७५ च्या आसपास असते. म्हणजे बहुतेक वेळ अँप एका वॉटच्याही आत काम करतो. द्रुत लयीत तबल्याच्या चाटेवरचा एखादा फटका १५ डेसिबल वर उसळतो, त्यासाठी ३०-४० वॉट हाताशी असले की झालं. दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट लागतात, हे लक्षात ठेवा: ५० वॉटवरून १०० वर गेलात तर कानाला जेमतेम फरक कळेल. त्यापेक्षा अँपला टर्नटेबलसाठी फोनो इनपुट आहे का ते बघा. टर्नटेबलच्या साध्या एमएम कार्ट्रिजमधून (सुई धरणाऱ्या भागातून) फक्त ५ मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो. नेहमीच्या इनपुटला जोडलात तर चिरका, किनरा आवाज येईल. ट्रेबलचं बटण असलेला अँप मला आवडतो. ७८ च्या तबकड्यांवरून केलेल्या नाट्यगीतांच्या प्रतींमध्ये वरच्या पट्ट्यात गाणं फार थोडं आणि खरखर जास्त असते; तिथे ट्रेबल दोन टिचक्या खाली आणता आला पाहिजे. केबल साधी तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटरची, इलेक्ट्रिकच्या दुकानातली. तीन मीटरला तिचा रोध ०.०८ ओहमच्या आतबाहेर. ८ ओहमच्या स्पीकरसमोर तो काहीच नाही.

खानापूरचा पाऊस विसरून चालणार नाही. जांबोटी-कणकुंबीकडची ओल जून ते सप्टेंबर घरात मुरलेली असते. वूफरच्या कोनाभोवतीची कड रबराची असलेलाच स्पीकर घ्या. फोमची कड दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते, म्हणून जुना, वापरलेला स्पीकर घेताना बोटाने हलकेच दाबून बघा. खोका बहुधा एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीचा असतो. तो पाणी प्यायला की फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीपेक्षा घराच्या आतल्या भिंतीकडे स्पीकर मांडता आले तर उत्तम. रोज तासभर गाणं लावलं तरी अँपच्या उबेने त्याच्या आतली ओल हटते; महिनोन् महिने बंद ठेवलेली यंत्रंच जास्त बिघडतात. एलपी उभ्याच ठेवा, आणि फडताळाच्या मागच्या दगडाला त्या टेकू देऊ नका.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकणार असाल तर तो प्युअर साइनवेव्हचा आहे ना, ते बघा. स्क्वेअरवेव्हवर अँपमधून गुणगुण येते आणि तंबोऱ्याच्या खालीच ती बसते. घराचं अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

आता कंपनी. तुमच्या मागणीला तीन वाटा दिसतात. पहिली, आतच अँप असलेले स्टुडिओ मॉनिटर. यामाहाचा एचएस५ हा ५ इंची स्पीकर यासाठी मी अनेकांना सुचवतो. त्याच्या पाठीवर रूम कंट्रोलचं बटण आहे; ते ५०० हर्ट्झखालचा आवाज २ किंवा ४ डेसिबल कमी करतं, आणि ते भिंतीजवळ ठेवण्यासाठीच दिलेलं आहे. भोक पाठीमागे आहे, पण १५ सेंटिमीटर फट मिळाली की अडचण येत नाही. वेगळा अँप लागत नाही, म्हणून पैसे वाचतात. टर्नटेबलसाठी मात्र छोटा फोनो प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) घ्यावा लागेल. आवाज सरळ आहे, गोड करून दाखवणारा नाही. खराब ध्वनिमुद्रण खराबच ऐकू येतं, आणि काही वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही. दुसरी वाट, केईएफसारखे स्पीकर, ज्यात ट्वीटर वूफरच्या मध्यातच बसवलेला असतो. जवळून, सहा फुटांवरून ऐकताना गाणाऱ्याचा आवाज एकाच बिंदूतून येतो, आणि दोघं शेजारी बसले तरी दोघांनाही सारखं मिळतं. वडिलांबरोबर ऐकायचं आहे, म्हणून मला ही वाट तुमच्यासाठी जास्त पटते. तिसरी, एलॅकच्या डेब्यू बी६.२ सारखे पुढे भोक असलेले. पण तो साडेसहा इंची आहे, तुमच्या खोलीला जरा भरघोसच.

लहान स्पीकरवर मानवी आवाज किती खरा उमटू शकतो, याचा पुरावा बीबीसीने १९७० च्या दशकात दिला. ध्वनिक्षेपणाच्या गाडीतल्या छोट्या जागेत निवेदकाचा आवाज तपासण्यासाठी त्यांनी एलएस३/५ए बनवला: बंद खोका, ५ इंचांच्या आसपासचा वूफर, फार मोठा आवाज नाही. आज पन्नास वर्षांनीही गाणं ऐकणारे लोक तो जपून वापरतात.

ऐकून बघायला कोल्हापूर, हुबळी, पुणे, जिथे जाल तिथे स्वतःचं संगीत न्या. मन्सुरांचा बोल-आलाप, गंगूबाईंचा तो भारदस्त आवाज, आणि रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी, एवढं पुरे. गंगूबाईंचा आवाज बाईचा असूनही खाली, जाड. हलका स्पीकर तो पातळ करतो आणि फुगलेला स्पीकर तो गुहेत नेतो. पेटीच्या पितळी सुरांत तर काहीच लपत नाही. ट्वीटर आणि वूफर जिथे एकमेकांना आवाज सोपवतात, साधारण २ ते ३ किलोहर्ट्झच्या मध्ये, तिथे काही बिनसलं असेल तर पेटी कर्कश होते. दोन स्पीकरांची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या, फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप त्यासाठी पुरे आहे. एक डेसिबलने मोठा असलेला स्पीकर प्रत्येकाला जास्त चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. दुकानदाराला तो भिंतीपासून एक वीत अंतरावर ठेवून वाजवायला सांगा. नाही म्हणाला तर परत करण्याची मुदत देणाऱ्याकडून घ्या आणि घरीच ठरवा.

खोलीचं दार कुठल्या भिंतीत आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते एका आखूड भिंतीत असेल तर स्पीकर समोरच्या आखूड भिंतीकडे न्या. दोन्ही आखूड भिंतींत दारं असतील तर नाइलाजाने लांब भिंतीकडे मांडावं लागेल. मग बैठक मागच्या भिंतीला जवळजवळ टेकेल. तेव्हा डोक्यामागे तीच १० सेंटिमीटरची चौकट टांगा, आणि ५ इंचीऐवजी ४ इंची, बंद खोक्याचा स्पीकर शोधा.